पगार मिळेपर्यंत आपण सावकार असतो

नोकरी शोधणाऱ्या तरुणांना एक सल्ला हमखास मिळतो: मुलाखतीला जाण्याआधी कंपनीचा अभ्यास करून जा. या अभ्यासाचा अर्थही ठरून गेला आहे. संकेतस्थळावरचे ‘आमच्याविषयी’ हे पान वाचायचे, संस्थापकांची नावे आणि शाखांची गावे पाठ करायची, अलीकडचा एखादा पुरस्कार ध्यानात ठेवायचा आणि ‘आमच्याबद्दल काय माहिती आहे?’ असे विचारले की ते सगळे म्हणून दाखवायचे. अभ्यास कंपनीचा, पास-नापास होणार आपण. कंपनीने स्वतःविषयी लिहिलेले कौतुक तिलाच परत ऐकवले, की चौकशी झाली असे आपण समजतो.

माझे म्हणणे असे आहे. पगारदार माणूस दर महिन्याला आपल्या मालकाला उधार देत असतो. काम आधी, पैसे नंतर. तारण नाही, व्याज नाही. म्हणून नोकरी घेण्यापूर्वीची चौकशी धनकोने ऋणकोची करावी त्या जातीची हवी. हे लोक माझे पैसे देऊ शकतात का, आणि आजवर इतरांचे वेळेवर दिले आहेत का, हे तिचे पहिले प्रश्न. वातावरण, शिकायला मिळणे, बढती या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्यांचा नंबर यानंतरचा.

१. उधारीचा हिशेब

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा, असे वेतन संहिता सांगते. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधीचा १९३६ चा कायदाही साधारण हेच सांगत होता. म्हणजे सगळे कायद्याने चालले असतानाही आपले पाच आठवड्यांचे श्रम कंपनीकडे बाकी असू शकतात. खरी वाढ होते ती पगार थकल्यावर. पहिला पगार थकला म्हणून सहसा कोणी उठून जात नाही. ‘पुढच्या आठवड्यात होईल’ हे वाक्य तीन-चार महिने पुरते, आणि सोडले तर मागचेही बुडेल या भीतीने माणूस आणखी उधार देत राहतो. पन्नास हजार पगाराच्या माणसाचे असे दोन लाख अडकतात. न दिलेला प्रवासखर्च, शिल्लक रजेचे पैसे आणि पगारातून कापलेला पण भरलाच नाही असा भविष्य निर्वाह निधी, हे वेगळेच.

वसुलीचे काय? कामगार आयुक्तांकडे दाद मागता येते, पण तिथेही मालकाच्या खात्यात पैसे असावे लागतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कर्मचारीही धनको मानला जातो. मात्र मार्च २०२० मध्ये अर्ज करण्यासाठीची थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपयांवर गेली. दोन लाख अडकलेले पन्नास जण एकत्र आले तर कुठे तो आकडा गाठला जाईल. कंपनीचे विसर्जन झाले तर पैसे वाटण्याचा क्रम याच संहितेचे कलम ५३ ठरवते: प्रक्रियेचा खर्च आधी, मग तारणधारी धनको आणि त्यांच्या बरोबरीने ‘कामगार’ म्हणून गणल्या जाणाऱ्यांचे चोवीस महिन्यांचे वेतन, आणि त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे. टाय बांधून जाणारा पर्यवेक्षक या रांगेत यंत्रावरच्या कामगाराच्या मागे उभा असतो, हे बहुतेक पर्यवेक्षकांना ठाऊक नसते.

किराणा दुकानदार नव्या गिऱ्हाइकाची वही उघडण्याआधी घर कुठे, कामाला कुठे, एवढे तरी विचारतो. दोन लाखांची जोखीम घेणारा पदवीधर तेवढेही विचारत नाही.

२. संशयाचा हक्क एकाच बाजूला का?

मायकेल स्पेन्स यांचा नोकरीच्या बाजारावरचा गाजलेला निबंध १९७३ चा. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी ते एक. उमेदवार किती लायक आहे हे मालकाला आधी कळत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणांवरून अंदाज बांधतो, असा त्या निबंधाचा गाभा. तर्क बिनतोड आहे. पण त्यात अंधारात चाचपडणारा मालक आहे. मालक कसा निघेल हे न कळणारा उमेदवार त्या चित्रात नाही. व्यवहारातही तेच झाले. कंपनी आपली पदवी विद्यापीठाकडून पडताळून घेते, आधीच्या वरिष्ठाला फोन करते, भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनवरून आपण कुठे किती महिने होतो हे काढते. हे सगळे रीतसर, आणि उमेदवाराने कंपनीचा ताळेबंद पाहिला तर तो अतिशहाणा! गंमत अशी की ज्या निधीच्या नोंदीतून कंपनी आपल्याला तपासते, त्याच नोंदीतून आपल्यालाही कंपनी तपासता येते. त्याकडे वळण्याआधी दोन गोष्टी निकालात काढायला हव्यात.

३. मोठे नाव हा पुरावा नव्हे

‘नावाजलेली कंपनी आहे, पाहायचे काय त्यात?’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. जेट एअरवेजचे नाव काय लहान होते? एप्रिल २०१९ मध्ये तिची विमाने जमिनीवर आली तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, रखडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विसर्जनाचा आदेश दिला. साडेपाच वर्षे गेली.

ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीचे उदाहरण आपल्या मुद्द्याला अधिक जवळचे आहे, कारण तिथे धोक्याची चिन्हे उघड्यावर होती. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव, २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे प्रायोजकत्व. त्याच काळात मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे हिशेब सप्टेंबर २०२२ उजाडेपर्यंत बाहेर आले नव्हते; आले तेव्हा तोटा ४,५८८ कोटींचा निघाला. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक संस्था आणि संचालक मंडळातले तिघे जण बाहेर पडले. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, म्हणजे निमित्त त्या जर्सीचेच. हिशेब बाहेर यायला दीड वर्ष लागले ही बाब कोणाही उमेदवाराला दिसण्यासारखी होती. ती पाहायची असते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

४. आधी मालक कोण, ते ठरवा

चौकशी फसण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ती भलत्याचीच होते. पाटीवरचे नाव आणि नेमणूकपत्रावरचे नाव एकच असेल असे नाही. बायजूजच्या नोकराचा कायदेशीर मालक ‘थिंक अँड लर्न प्रायव्हेट लिमिटेड’ होता. हिंजवडीत एखाद्या मोठ्या आयटी कंपनीच्या इमारतीत रोज जाणारा मुलगा ‘थर्ड पार्टी पेरोल’वर, म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीचा नोकर असतो. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत ‘कंपनीत लागलो’ असे सांगणारे कितीतरी जण प्रत्यक्षात ठेकेदाराकडे लागलेले असतात. मूळ कंपनीची पत पाहून निर्धास्त झालेला हा माणूस उधार देतो ठेकेदाराला.

जहाजावरच्या नोकरीत तर हा गुंता आणखी वाढतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला किंवा गोव्यातला खलाशी मुंबईतल्या एजंटामार्फत भरती होतो, जहाजाचा मालक दुसऱ्या देशातला, जहाजावरचा झेंडा तिसऱ्याच देशाचा. इथे पाहायचे ते एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे की नाही. परवानाधारकांची यादी महासंचालनालय प्रसिद्ध करते. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला या एजंटांना नियमानेच मनाई आहे. त्यामुळे ‘दोन लाख भरा, जहाज देतो’ म्हणणाऱ्याची आणखी चौकशी करण्यात वेळ घालवू नये.

म्हणून पहिले काम: नेमणूकपत्रावर, किंवा ते हाती येण्याआधी मनुष्यबळ विभागाला विचारून, पगार देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव मिळवणे. ते सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याने आपले उत्तर दिलेले असते.

५. पैशाचा माग

नाव मिळाले की उरलेले काम घरबसल्या होते. माझ्या मते पहिली जागा भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावरचा आस्थापना-शोध. तिथे आस्थापनेच्या नावासमोर कोणत्या महिन्याची वर्गणी, किती जणांची, किती रुपये आणि कोणत्या तारखेला जमा झाली, हे दिसते. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. तारखा सारख्या पुढे सरकत असतील, मधले महिने गळले असतील, तर कंपनीला रोकड पुरत नाही असे समजावे. ताळेबंद वर्ष-दीड वर्ष जुना असतो. ही नोंद गेल्या महिन्याची असते. एका वर्षाच्या नोंदी खाली-वर पाहिल्या की माणसे वाढताहेत की गळताहेत तेही कळते, आणि ‘आमची पाचशे जणांची टीम’ म्हणणाऱ्याकडे अडतीसच सभासद असतील तर तेही.

अर्थात नोंद वाचायला थोडी समज लागते. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागूच होत नाही. काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा निधी-न्यास असतो. त्यांचे आकडे इथे तसे दिसणार नाहीत. मूळ वेतन पंधरा हजारांच्या वर असलेला, आधी कधीच सभासद नसलेला कर्मचारी बाहेर ठेवता येतो आणि ठेकेदाराची माणसे ठेकेदाराच्या नावावर असतात. आकडा कमी दिसला म्हणून लगेच लबाडी ठरवू नये, विचारावे.

दुसरी जागा कंपनी व्यवहार मंत्रालयाची. कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकात बरेच काही दडलेले असते: पहिले अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही; पुढे उद्योगाचा सांकेतांक, राज्य आणि स्थापनेचे वर्ष. ‘पंचवीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्याच्या क्रमांकात २०२१ निघाले, तर जुन्या भागीदारीचे रूपांतर झाले आहे की नुसती बढाई, हे विचारता येते. शेवटचा ताळेबंद केव्हा दाखल केला आणि मालमत्तेवर कोणाकोणाच्या कर्जाचा बोजा आहे, हेही तिथे मिळते. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्या निबंधकाच्या यादीतून काढून टाकल्या, त्या मुख्यतः वर्षानुवर्षे कागद दाखल न केल्यामुळे.

थोडे शुल्क भरून ताळेबंदासोबतचा लेखापरीक्षकाचा अहवालही पाहता येतो. नफा-तोट्यात डोके घालण्याची गरज नाही. जिथे लेखापरीक्षकाने काय नोंदवावे हे ठरवणारा ‘कॅरो २०२०’ हा आदेश लागू आहे तिथे त्या अहवालाचे एक कलम थेट सांगते की भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, जीएसटी वेळेवर भरले गेले की नाही आणि सहा महिन्यांहून अधिक काळ काय थकले आहे. दुसरे कलम कर्जफेड चुकली का ते सांगते. आणखी एक, येत्या वर्षातली देणी कंपनी फेडू शकेल का, यावर परीक्षकाचे मत देते. इंग्रजी रुक्ष आहे, पण बारावीच्या मुलाला न कळण्यासारखे त्यात काही नाही. जीएसटी क्रमांक मिळाला तर विवरणपत्रे भरली जातात की नाही तेही जीएसटीच्या संकेतस्थळावर दिसते.

६. मोठ्या कंपन्यांची न उघडलेली पाने

शेअर बाजारातल्या कंपन्यांबाबत पगार बुडण्याची भीती तुलनेने कमी. तिथे प्रश्न वेगळा: लोक टिकतात का? त्याचे उत्तर आपण ओळखीपाळखीत शोधत हिंडतो आणि ते छापलेले असते वार्षिक अहवालात. बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल देणे सेबीने बंधनकारक केले आहे. कायम कर्मचाऱ्यांपैकी वर्षात किती टक्के सोडून गेले, हे त्यात तीन वर्षांचे, स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे दिलेले असते. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांपैकी किती जणी टिकल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी किती, कामावरचे अपघात किती, हेही असते. कंपनी कायद्यानुसार, पगाराच्या क्रमात बरोबर मधोमध येणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार वर्षात किती टक्के वाढला आणि संचालकाचा पगार त्याच्या किती पट, हेही नोंदलेल्या कंपन्यांना सांगावे लागते. मुलाखतीत ‘आमच्याकडे वाढ चांगली असते’ असे ऐकायचे, की हा आकडा पाहायचा? हे अहवाल गुंतवणूकदारांसाठी आहेत अशी आपली समजूत आहे. आयुष्याची दहा वर्षे गुंतवणारा गुंतवणूकदार नाही, तर मग कोण?

७. शिक्षणसंस्था: इथे ऋणको दोन

महाराष्ट्रात सर्वांत महाग पडलेल्या नोकऱ्या शोधायच्या तर विनाअनुदानित शाळांकडे पाहावे. ‘अनुदान येणारच आहे’ या आश्वासनावर लोक वर्षानुवर्षे नाममात्र पगारावर, कधी शून्यावर शिकवत राहिले. मग वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर आंदोलन. इथे उधारी संस्थेवर आणि सरकारवर, अशी दोघांवर असते. त्यामुळे ताळेबंद पाहून भागत नाही. संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या यादीत, ही जागा आहे का? पटसंख्या टिकून आहे, की पुढच्या वर्षी तुकडी कमी होऊन माणूस अतिरिक्त ठरणार? बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या नोंदवहीत, जागा कोणत्या प्रवर्गाची? शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी मिळालेला शेवटचा माणूस या संस्थेत केव्हा लागला? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘बऱ्याच वर्षांत कोणी नाही’ असे आले, तर संस्थाचालकांची शब्द देण्याची पद्धत कितीही गोड असली तरी तो शब्द त्यांच्या हातातला नसतो. अनुदानित संस्थेतली ही माहिती माहिती अधिकारात मिळते. जागेसाठी ‘देणगी’ मागितली जात असेल तर उधारीही उरत नाही. तो उमेदवाराने लावलेला जुगार असतो.

८. साक्षीदार तपासून घ्या

‘ओळखीचा मुलगा तिथे आहे, तो चांगले सांगतो’ ही साक्ष कामाची आहे, पण फिरवून पाहावी. अनेक कंपन्यांत आपल्या शिफारशीवर कोणी लागले की शिफारस करणाऱ्याला बक्षीस मिळते. तो खोटे बोलेल असे नाही. पण त्याच्या उत्साहातून ती रक्कम वजा करून ऐकावे. ग्लासडोअर, अँबिशनबॉक्सवर उलट होते, तिथे चिडलेले लिहितात किंवा कंपनीने सांगितलेले. तारे मोजू नयेत. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या लोकांनी एकच तपशील लिहिला असेल, उदाहरणार्थ शेवटचा हिशेब महिनोन्‌महिने मिळत नाही, तर तो धरावा.

सर्वांत चांगला साक्षीदार ही नोकरी सोडून गेलेला माणूस. आणि मुलाखतीत विचारण्याजोगा सर्वांत चांगला प्रश्न: ही जागा रिकामी का झाली?

९. आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार. ‘ज्याला निवड आहे त्याने हे चोचले करावेत. ज्याच्या घरी हप्ते थकलेत, त्याने काय करायचे?’ पण चौकशीचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच असतो, हे गृहीतच चूक आहे. कमकुवत ऋणकोलाही उधार देता येते, मर्यादा ठरवून. कंपनी डळमळीत आहे हे माहीत असेल तर माणूस नोकरी घेतो, पण बिऱ्हाड हलवत नाही, त्या पगारावर घराचे कर्ज काढत नाही, खिशातून कंपनीचा खर्च करत नाही आणि दुसरा पगार थकला की बाहेर पडतो. ज्याच्याकडे दोन महिन्यांचीच शिल्लक आहे त्याला ही मर्यादा आधी ठरवण्याची गरज श्रीमंतापेक्षा जास्त.

दुसरा: ‘कागद खोटे असतात, सत्यमचे काय झाले?’ खरे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नसल्याचे सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केले. आदल्याच वर्षी त्या कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. पण यातून कागद पाहू नये असे निघत नाही. नफ्याच्या कागदापेक्षा प्रत्यक्ष भरण्याच्या नोंदीवर जास्त भिस्त ठेवावी, असे निघते. नफा लिहिता येतो. भविष्य निर्वाह निधी भरावा लागतो.

तिसरा: ‘नव्या स्टार्टअपकडे यातले काहीच नसते, आणि खरी संधी तिथेच असते.’ असू शकते. धोका जास्त तर मोबदला जास्त, एवढेच धनकोचे उत्तर. शेवटचा निधी केव्हा उभा राहिला आणि हाती किती महिन्यांची रोकड आहे, हे विचारावे. बाजारापेक्षा कमी पगार आणि भविष्यातल्या शेअरची आशा हा सौदा आंधळेपणाने करू नये.

चौथा आक्षेप मला मान्य आहे. कंपनी भक्कम असूनही आपली जागा कच्ची असू शकते. २०२२ मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या सुमारे दोन हजार पदवीधरांना रुजू व्हायला २०२४ उजाडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाख वार्षिक पगारावर निवडलेल्या नवोदितांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. दोन्ही कंपन्यांची पत उत्तम. हे कोणत्याही नोंदीतून आधी कळले नसते. इथे उपाय एकच: रुजू होण्याची तारीख लेखी येईपर्यंत हातातले काही सोडायचे नाही. आणि ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असे सांगणाऱ्या कट्ट्यावरच्या कायदेपंडितावर विसंबायचे नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली आहे.

१०. हे काम एकट्या उमेदवाराचे नाही

बावीस वर्षांच्या मुलाने हे सगळे एकट्याने करावे, ही अपेक्षा थोडी अन्यायाचीच आहे. महाविद्यालये आणि आयटीआय प्लेसमेंटच्या आकड्यांवर प्रवेश मिळवतात. ‘शंभर टक्के नोकऱ्या’ असे फलक गावोगाव लागतात. कोणत्या कंपनीला आवारात येऊ द्यायचे हे त्यांच्या हाती असते. प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून तीन कागद मागावेत: नेमणूक देणाऱ्या संस्थेचे कायदेशीर नाव, मागच्या बारा महिन्यांच्या भविष्य निर्वाह निधी भरण्याच्या पावत्या आणि आदल्या वर्षी निवडलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले त्याची यादी. ते फाइल करून ग्रंथालयात ठेवावेत. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फलकाऐवजी ती फाइल मागावी.